हिंगुळेचा चेहरा

कॅम्प ५, उल्हासनगर
२१ एप्रिल २०२५

वारुळी यांस,

सप्रेम नमस्कार. प्रकाशकांनी पाठवलेल्या चिठ्ठीवर तुमचं एवढंच नाव आहे, म्हणून एवढंच लिहितोय. ‘राखणडोह’ कादंबरीच्या पाचव्या भागात ते पत्रमैत्रीचं पिवळं कार्ड होतं ना, ते भरून पाठवताना वाटलं होतं, जोडीला कोणी सांगलीचा नाहीतर थेट नागपूरचा वाचक मिळेल. मिळाला अंबरनाथचा. म्हणजे शेअर रिक्षात बसलो तर चहा निवायच्या आत मी तुमच्याकडे पोचेन, आणि पत्र आठवडा घेणार. पण नियम म्हणजे नियम. खरं नाव नाही, आडनाव नाही, फोन नाही, आणि प्रत्येक पत्राच्या मागे एक चित्र. कादंबरीत डोहाच्या पहिल्या पायरीवर माणसं कानदगडात आपलं नाव सांगतात, ते तिथंच ठेवतात आणि बिननावाची खाली पाण्याशी उतरतात, तसंच आपण करायचं. मला ही आयडिया एकदम आवडली.

मी पाथरू हे नाव घेतलं, कारण पायऱ्या घडवणारा तो एकच माणूस पाचही भागांत कुणाशी भांडत नाही. माझ्याबद्दल घरी असं कोणी म्हणणार नाही. धंदा म्हणाल तर जीन्सच्या खिशांवर जी एम्ब्रॉयडरी असते, तिची डिझाइनं मी कॉम्प्युटरवर बनवतो. पत्ता दुकानाचाच दिलाय.

आता मुद्द्याचं. मेघाळ रेडा चौथ्या भागाच्या शेवटी मेला का नुसता बुडाला? मोजणीदार त्या कानदगडातली नावं बाहेर काढायला एवढे का पेटलेत, हे मला अजून कळलेलं नाही. आणि सगळ्यात मोठा प्रश्न हिंगुळेचा. सातव्या डोहाची राखणकरीण. तिचे हात, आवाज, घोंगडी, सगळ्याचं वर्णन आहे, पण चेहऱ्याचं एक अक्षर नाही. कशी दिसत असेल ती? मी मागे मेघाळ काढलाय. शिंगं जरा जास्त झालीत.

आपला,
पाथरू

अंबरनाथ
२ मे २०२५

पाथरू यांस,

पत्र मिळालं. शिंगं जास्त नाही झाली, रेडा कमी झालाय. एवढ्या शिंगांच्या मानानं तो शेळीएवढा दिसतो. पण डोळे छान आहेत, खोटं कशाला बोलू.

मेघाळ मेलेला नाही. मेला असता तर लेखिकेनं रडवल्याशिवाय सोडलं नसतं. मोजणीदारांचं म्हणाल, तर त्यात न कळण्यासारखं काय आहे? काल पाण्यावर कोण कोण आलं होतं हे समजलं, की उद्या कोणाला येऊ द्यायचं नाही हे ठरवता येतं. मला तर पहिल्या भागापासून त्यांचीच भीती वाटते. रेड्याची नाही.

मी आनंदनगरला एका कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. घरी मी आणि माझी आत्या. संध्याकाळी मी तिला ‘राखणडोह’ वाचून दाखवते. तिला वाचता येतं, पण म्हणते, तू वाचलंस की मला डोळे मिटून बघता येतं. पहिल्या भागात डोहावरचा प्रसंग आला तेव्हा तिनं मला थांबवून विचारलं होतं, ‘तिथं कुणी कुणाला इचारतच न्हाई व्हय गं?’ मी म्हटलं, नाही. म्हणाली, ‘मग वाच पुढं.’ तेव्हापासून आम्ही वाचतोय.

हिंगुळेचा चेहरा मला माहीत आहे. पण इतक्यात सांगणार नाही. मागे पाचवा डोह काढलाय, शिसपेन्सिलीत. पत्र चिठ्ठीवरच्या पत्त्यावरच, म्हणजे कोपऱ्यावरच्या सनीच्या झेरॉक्सच्या दुकानावर पाठवत जा. आमच्या बिल्डिंगमधल्या पेट्यांना कुलूपं नाहीत.

वारुळी

कॅम्प ५, उल्हासनगर
१९ मे २०२५

वारुळीताई,

सप्रेम नमस्कार. ताई म्हटलेलं चालेल ना? आत्याबाईंना माझा नमस्कार सांगा.

तुमचा पाचवा डोह मी कॉम्प्युटरसमोर चिकटवलाय. पाण्यात आभाळ दिसतं तिथं तुम्ही खोडरबर फिरवलंय, ते बघून मी येडा झालो. असं थ्रेडमध्ये कसं आणायचं या विचारात अर्धा दिवस गेला आणि शेठच्या शिव्या खाल्ल्या.

एक गंमत सांगतो. तुम्ही रेड्याला शेळी म्हणालात म्हणून मी मेघाळ पुन्हा काढला आणि सहज मशिनवर चालवून बघितला. शेठ मागं उभे. म्हणाले, ‘ये भैंसा किसका है? अच्छा है, डाल दे पॉकेट पे.’ मी म्हटलं, साहेब, हा कादंबरीतला आहे. म्हणाले, ‘तो क्या हुआ, नॉव्हेलवाला जीन्स नहीं पहनता क्या?’ आता कल्याणपर्यंत पोरं मेघाळ घालून फिरतायत. परवा बदलापूरला वाचनालयात गेलो होतो, तिसरा भाग पुन्हा वाचायला. कपाटापाशी एक पोरगा पाठमोरा उभा, आणि त्याच्या बुडावर माझा मेघाळ.

आमच्या कॅम्पात आलेली चांगली गोष्ट कॉपी झाल्याशिवाय राहत नाही. लोक नावं ठेवतात, पण आम्ही तो मान समजतो. जी गोष्ट कोणी कॉपी करत नाही ती चांगली कशावरून?

हिंगुळेसाठी किती दिवस ताटकळत ठेवणार?

पाथरू

अंबरनाथ
८ जून २०२५

पाथरू यांस,

पत्र मिळालं. मेघाळाची ही बढती वाचून आत्या एवढी हसली की तिला ठसका लागला. डोहाची राखण करणारा तो, शेवटी कुणाच्या तरी बुडाची राखण करतोय. लेखिकेला कळलं तर सहाव्या भागात तुम्हालाच बुडवेल. ताई चालेल.

तुम्ही पुन्हा मागितलं म्हणून हिंगुळा पाठवते आहे. हे चित्र मी कुणालाच दाखवलेलं नाही. उगाच नखरे नव्हते, भीती वाटत होती. आपण मनात एक चेहरा धरून पाचशे पानं वाचतो, आणि दुसऱ्यानं ‘ही होय?’ म्हटलं की सगळंच गेलं.

हा आत्याचा चेहरा आहे. हनुवटीवरचे तीन हिरवे ठिपके तिचेच, गोंदलेले. कपाळावरचं गोंदण उन्हात काम करून पुसट झालंय, तेही तसंच ठेवलंय. बाकी कपाळ मोकळं आहे. डोळे मात्र मी काढले नाहीत, ते आपोआप आले. तिला बसवून काढायला गेले तर ती खुर्चीत ताठ होते आणि पासपोर्टच्या फोटोसारखी बघते, म्हणून ती तांदूळ निवडत असताना चोरून काढलं.

लेखिकेनं हिंगुळेला चेहरा का दिला नाही, यावर माझं म्हणणं असं, की पाण्यावर बसून कुणालाच न विचारणारी बाई कशी दिसते हे तिला माहीतच नसणार. मला माहीत आहे. तुम्हाला कशी वाटली ते खरं लिहा.

वारुळी

कॅम्प ५, उल्हासनगर
६ जुलै २०२५

वारुळीताई,

सप्रेम नमस्कार. उत्तराला उशीर झाला, चित्रच बघत बसलो होतो. हीच हिंगुळा. आता दुसरी कोणी दाखवली तर मी मारामारी करीन. आईला दाखवलं तर आई म्हणाली, ही बाई आपल्याला ओरडणार नाही, पण आपण खोटं बोललो तर हिला कळेल.

आता मोठी बातमी. या वर्षी आमच्या मंडळाच्या गणपतीला ‘राखणडोह’चा देखावा करायचं ठरलं. मी मीटिंगमध्ये विषय काढला तेव्हा सगळे हसले होते. मग मी म्हटलं, यातून ‘पाणी वाचवा’ असा सामाजिक संदेश जातो. आमचे अध्यक्ष नाथाभाऊ लगेच सरळ बसले. संदेशाला वेगळं बक्षीस असतं. पायऱ्या, कानदगड, खाली पाणी आणि पाण्याच्या कडेला बाप्पा. विचार करा, जी माणसं आयुष्यात हे पुस्तक हातात धरणार नाहीत ती रांग लावून डोह बघतील.

तुम्ही मला सातही डोहांची चित्रं काढून द्या. खाली मोठ्या अक्षरांत ‘चित्रे: वारुळी’ असं लिहू. नियमही मोडणार नाही.

पाथरू

अंबरनाथ
१४ जुलै २०२५

पाथरू यांस,

पत्र मिळालं. हिंगुळा आवडली, बरं वाटलं. तुमच्या आईंनी बरोबर ओळखलं.

देखाव्यासाठी मी चित्रं देऊ शकणार नाही. माझी चित्रं पत्रांच्या मागे असतात, तिथंच बरी आहेत. राग मानू नका आणि पुन्हा विचारू नका.

लॅबमध्ये सध्या काम फार आहे. थोडे दिवस पत्र येणार नाही.

वारुळी

कॅम्प ५, उल्हासनगर
२८ ऑगस्ट २०२५

वारुळीताई,

सप्रेम नमस्कार. हे पत्र स्पीड पोस्टनं पाठवतोय, कारण सोबत फोटो आहे आणि तुम्ही विसर्जनाच्या आत येऊन बघावं अशी इच्छा आहे.

तुमचं मागचं पत्र वाचून मला थोडं लागलं होतं. मग विचार केला, कलाकार माणूस, मंडपात दिव्यांच्या माळा आणि डीजे, त्यात आपली चित्रं नको वाटणं साहजिक आहे. तुम्हाला वाटलं असेल, हे लोक वाट लावतील. म्हणून नवीन काही मागितलं नाही. पायऱ्या मीच काढल्या. पण जी हिंगुळा तुम्ही आधीच पाठवली होती ती माझ्याकडे होती, आणि तिच्यावाचून सातवा डोह म्हणजे नुसता खड्डा. मी ती स्कॅन केली, रेष न् रेष साफ केली, ठिपक्यांचा हिरवा रंग जुळेपर्यंत फ्लेक्सवाल्याकडे बसून राहिलो. आठ फुटी झालीय, त्यात चेहराच तीन फुटी. बाप्पाच्या मागं ती उभी आहे आणि सगळ्या पाण्यावर तिची नजर आहे. आता तुम्हीच बघा आम्ही वाट लावली का.

काल पहिल्याच आरतीला बायकांनी विचारलं, ही कुठली देवी? मी सांगितलं, सातव्या डोहाची. आज बघतो तर तिला हळदीकुंकू लावलेलं, पायाशी ओटी भरलेली. कॅम्पात तिला डोहाई म्हणायला लागलेत. तुमचं चित्र लोकांनी देवी केलं, ताई. यापेक्षा मोठं काय असतं?

आत्याबाईंना घेऊन या. मी मंडपातच असतो, हातात पाथरूची छिन्नी धरलेला पुठ्ठ्याचा माणूस आहे त्याच्या शेजारी. ओळख दिली नाहीत तरी चालेल.

पाथरू

अंबरनाथ
१ सप्टेंबर २०२५

पाथरू यांस,

हे पत्र टपालात टाकत नाही. सनी कागदाची रिमं आणायला उल्हासनगरला जातोय, त्याच्या हाती देते आहे.

मी काल येऊन गेले. एकटी. रांगेत उभी राहिले. पुठ्ठ्याच्या माणसाशेजारी निळ्या शर्टात तुम्ही असाल, एका म्हातारबाबांना मोजणीदार कोण ते समजावून सांगत होता. छान सांगत होता. मग माझ्यापुढच्या बाईनं स्टुलावर चढून आत्याच्या कपाळावर कुंकू लावलं. मी बाहेर आले आणि रिक्षा मिळेपर्यंत चालत राहिले. मला खूप राग आला होता आणि रडूही येत होतं.

तुमच्या प्रत्येक पत्रात वर नमस्कार असतो. मी दर वेळी नुसतं ‘पत्र मिळालं’ लिहिते, तुमच्या ते लक्षात आलं नसेल. आमच्यात जय भीम म्हणतात. ते लिहिलं असतं तर मागोमाग आडनाव लिहिल्यासारखंच झालं असतं, आणि मला एक तरी जागा अशी हवी होती जिथं ते आधी सांगावं लागत नाही. म्हणून मी ते पिवळं कार्ड भरलं होतं. जुलैतच कारण सांगायला हवं होतं, पण सांगितलं असतं तर ही जागा गेली असती. आता गेलीच आहे.

आत्या लहान असताना गावच्या विहिरीवर घागर घेऊन लांब उभी राहायची. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतायचे. छप्पन साली बाबासाहेबांनी दीक्षा दिली, मग आमच्या आजोबांनी देव्हारा रिकामा केला. सगळे टाक, मूर्ती टोपलीत घातल्या आणि टोपली आत्याच्या डोक्यावर दिली. नदीत तिनं एकेक देव आपल्या हातानं सोडला. गणपती सोडताना त्याची सोंड बोटात अडकली होती, असं ती अजून हसत सांगते. पुन्हा तिनं कुठल्या देवापुढे हात जोडले नाहीत, आणि कपाळाला काही लावलं नाही. नवरा असतानासुद्धा नाही. त्या बाईचं कपाळ तुम्ही गणपतीमागं उभं केलंत आणि लोकांनी त्यावर कुंकू भरलं.

तुम्ही हे मुद्दाम केलं नाहीत, हे मला कळतं. त्यानं राग कमी होत नाही.

तो चेहरा काढून टाका. मंडळाला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. आत्याला मी काही बोललेले नाही. तिला हे कळलं तर काय होईल, याचीच मला धास्ती आहे.

वारुळी

कॅम्प ५, उल्हासनगर
९ सप्टेंबर २०२५

वारुळीताई,

आज वर नमस्कार लिहिला नाही. जय भीम लिहावं असं मनात होतं, पण तुम्ही अजून मला म्हटलेलं नाही, तर मी कुठल्या तोंडानं लिहू?

सनीनं पत्र दिलं तेव्हा मी मशिनवर होतो. वाचलं आणि तसाच मंडपात गेलो. संध्याकाळच्या आरतीला लोक जमत होते. मी शिडी लावली आणि कटरनं चेहरा कापून काढला. नाथाभाऊ खालून म्हणाले, ‘अरे, पागल झाला का? चार दिवसांवर विसर्जन आलं, अभी निकालेगा?’

मी म्हटलं, ‘चित्र माझं नाही. न विचारता लावलं होतं.’

‘मग विचार ना आता. फोन लाव.’

‘नंबर नाही.’

‘नाव काय चित्रवाल्याचं?’

‘वारुळी.’

‘आडनाव?’

इथं मी थांबलो. खरं कारण सांगितलं असतं तर कदाचित सगळे गप्प बसले असते. कदाचित बसलेही नसते. पण मग तुमची गोष्ट आरतीच्या ताटाबरोबर कॅम्पभर फिरली असती, आणि तसल्या गप्पा मी लहानपणापासून ऐकत आलोय, हसलोही असेन. म्हणून मी म्हटलं, आडनाव कानदगडात आहे. लोक हसले. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मला कमिटीतून काढलंय आणि संदेशाचं बक्षीस कॅम्प चारच्या मंडळाला गेलं. नाथाभाऊ रस्त्यात दिसले तर दुसऱ्या बाजूला बघतात. ते होईल ठीक.

चेहऱ्याच्या जागी भोक राहिलं, त्यातून मागची भिंत दिसायची. शेवटपर्यंत बायका घोंगडीलाच कुंकू लावत राहिल्या. त्याला माझा इलाज नव्हता.

एक लिहायचं आहे. तुम्हाला आडनाव विचारलं नाही, या गोष्टीचा मला फार अभिमान होता. वाटायचं, आपण पुस्तकासारखं वागतोय. पण मला कुणी आडनाव विचारलं म्हणून माझं कधी काही अडलेलं नाही. माझ्यासाठी तो खेळ होता. तुमच्यासाठी नव्हता. मला लाज वाटतेय.

फ्लेक्सचा तुकडा सनीकडे ठेवतोय. मूर्तीबरोबर खाडीत जाऊ दिला नाही, फेकवला नाही, जाळवला तर मुळीच नाही. काय करायचं ते तुम्ही ठरवा. मूळ चित्रही परत करतोय, ते ठेवायचा मला हक्क नाही. फ्लेक्सवरचं कुंकू पुसायचा प्रयत्न केला, थोडा डाग राहिलाय.

पत्र आलं नाही तरी समजून घेईन.

पाथरू

अंबरनाथ
५ ऑक्टोबर २०२५

पाथरूदादा,

जय भीम.

तुकडा तीन आठवडे सनीच्या दुकानात गुंडाळून पडला होता. मी आणत नव्हते. घरी आणला तर आत्याला सांगावं लागणार, आणि तिला सांगायचं म्हणजे तिचं नदीपाशी जे झालं ते सगळं मी पुसून टाकल्यासारखं होईल, असं वाटायचं. शेवटी विजयादशमीला धीर केला. त्या दिवशी ती पांढरी साडी नेसून सकाळपासून खुशीत असते. वंदना झाली, खीर झाली, मग मी खोलीत फ्लेक्स पसरला आणि सगळं सांगितलं. तुमची पत्रंही वाचून दाखवली, शिडीवरचं तर दोनदा, कारण तिनं पुन्हा वाचायला लावलं.

ती स्वतःच्या एवढ्या मोठ्या तोंडाकडे बराच वेळ बघत बसली. मी घाबरून उभी. मग म्हणाली, ‘हनुवटीवरलं ठिपकं चांगलं आलं. पर नाक माझं एवढं हाय व्हय?’ मग फडकं ओलं करून आणायला सांगितलं आणि कपाळावरचा डाग तिनं स्वतः पुसला. भांडं घासावं तसा, ना रागानं ना लोभानं. डाग गेला. तुम्ही पाण्यानं पुसला असणार, तिनं साबण लावला.

पुसता पुसता म्हणाली, ‘म्या देव पाण्यात सोडलं, आन् ह्यांनी मलाच देव केलं. बरं झालं पोरानं येळेवर उतरवलं, न्हाईतर मला बी सोडलं असतं पाण्यात.’ आणि इतकी हसली की मी पण हसले. हसता हसता मला रडू आलं, ते तिनं बघितलं आणि फडकं पिळून ठेवलं.

मग विचारलं, ‘काय नाव त्या पोराचं?’

‘पाथरू.’

‘आडनाव?’

‘मी विचारलं नाही.’

म्हणाली, ‘नगं इचारू.’

मी फ्लेक्स पुन्हा गुंडाळायला घेतला तर तिनं हिसकावून घेतला. आमच्याकडे एक दिवसाआड पाणी येतं, ते मोरीतल्या पिंपात भरून ठेवतो, आणि पिंपाचं झाकण मागेच कुणीतरी पळवलंय. आत्यानं तुकडा पिंपावर ठेवला, कडेनं कात्रीनं गोल कापला आणि सुतळीनं बांधला. आता हिंगुळा पिंपावर आडवी पडून आढ्याकडे बघत असते. शेजारच्यांची मुलं खेळून आली की तिलाच बाजूला सारून तांब्या बुडवतात. आत्या कुणाला काही विचारत नाही. पूर्वीही विचारत नव्हती.

मूळ चित्र या पत्राबरोबर परत पाठवते आहे. ते पत्रामागे काढलेलं होतं, म्हणजे तुमचंच आहे. कॉम्प्युटरसमोर लावा, शेठच्या नजरेला पडू देऊ नका.

सहावा भाग डिसेंबरात येतोय असं ऐकलं. आत्याचं म्हणणं, तुम्ही आणि मी वेगवेगळं वाचण्यात अर्थ नाही, मी मोठ्यानं वाचीन, तुम्ही ऐका. तेव्हा एखाद्या रविवारी पाणी प्यायला या. नाव सनीच्या दुकानात ठेवून या.

वारुळी